बुधवारची आत्याबाई

आमच्या बेलापुरातल्या बाबूशेठना बुधवारी दुपारी भेटायला जाणार असाल, तर जरा खाकरून आत जा. त्या वेळी शेठ पदर घेऊन बसलेले असतात. हो, पदरच. डोक्यावरून घेतलेला, आणि खाली ह्या एवढ्या मिशा.

शेठचं साडीचं दुकान माझ्या दारासमोरच आहे. कामाला मुली आहेत, आणि बुधवारी गिऱ्हाईक पातळ असतं, तेव्हा त्यांचं शिक्षण चालतं. शेठ 'जामखेडची आत्याबाई' होतात आणि गादीवर ऐसपैस मांडी घालतात. मुलींनी त्यांना साडी विकायची. ही आत्याबाई मोठी बिलंदर. "वांगी रंग दाखव," म्हणते, "पण वांग्यासारखा नको." साडी आली की मान तिरकी करून काठ चिमटीत धरते, हुं करते आणि बाजूला टाकते. ढीग लागतो. मुली घामाघूम. मग शेठ पदर मागं सारून समजावतात, "साडी मागनं बघ, आधी बाई बघ. लेकीला घेतीय का विहिणीला, ते वळखलं म्हंजे निम्मं काम झालं." मला परीक्षक म्हणून बसवतात. मी आपली गवार निवडत निवडत गुण देते.

ह्या खुळाचा दुकानाला फायदा झाला, हे मात्र खरं. नेलेली साडी दुसऱ्या दिवशी बदलायला येणाऱ्या बाया कमी झाल्या. लग्नाचा बस्ता बांधायला श्रीरामपूरची माणसं तिथली मोठाली दुकानं सोडून आमच्याकडे यायला लागली. मुली मानपानाच्या साड्या अशा काही निवडून देतात, की विहीणबाई रुसायचं विसरते.

पण शिकलेली मुलगी चार जणांच्या नजरेत भरते. सविताला नगरच्या एका दुकानानं जास्त पगार देऊन नेलं. शेठचा धाकटा भाऊ नंदू दुकानात भागीदार आहे, तो भडकला. दादा, आपण दुकान चालवतो का नगरवाल्यांची शाळा, असं विचारलं त्यानं. शेठ चहा पीत राहिले. त्यांना चहात साखर लागत नाही, साखरेत चहा लागतो. पुढं रूथ नावाच्या नव्या मुलीलाही नगरहून बोलावणं आलं, तसा नंदूनं निकालच लावला. हा बुधवार शेवटचा, मग हे सोंग बंद. शेठच्या मिशासुद्धा उतरल्यासारख्या दिसल्या.

त्या बुधवारी नंदू स्वतः दारात उभा राहिला, हाताची घडी घालून. शेठनी पदर घेतला. समोर रूथ. तिनं साड्या काढल्या, आत्याबाईनं मान तिरकी केली, चिमटी, हुं, की साडी बाजूला. गुडघाभर ढीग झाला तशी रूथ थांबली. साड्या तशाच राहू दिल्या आणि शेठच्या समोर बसली.

"आत्या, तुमाला साडी घ्यायचीच न्हाई. तुमाला हितं बसायचंय. बसा निवांत, मी चहा सांगते."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. ह्या मुलीला काय ठाऊक? शेठची बायको कुसुम, माझी मैत्रीण, माहेर जामखेडचं. बुधवारी घरातलं आवरून अशीच दुकानात यायची, मान तिरकी करून ढीगभर साड्या उलगडायला लावायची आणि एकही न घेता नवऱ्याजवळ बसून जायची. ती वारली, आणि थोड्याच दिवसांत शेठचं हे शिक्षण सुरू झालं. मी ओळखलं होतं. बोलले नव्हते कधी.

शेठनी पदर काही काढला नाही. बारीक आवाजात म्हणाले, "व्हय गं बाई. बसायचंच हाय."

नंदू वहिनीच्या हातचं खाऊन मोठा झालेला. त्यानं पाठ वळवून समोरच्या हॉटेलाला हाक दिली.

"चार चहा. त्यातला एक बिनसाखरेचा. आन् दर बुधवारी लक्षात ठेव."

बिनसाखरेचा कुसुम प्यायची. शेठनी तोच कप उचलला आणि पदराआड शेवटच्या घोटापर्यंत संपवला.