बारा सेकंदवाले पिराजी मिस्त्री

पिराजी मिस्त्री कुठंबी बसले की आधी समोर पाण्यानं काठोकाठ भरलेला गिलास ठेवायचे. प्यायला नाय, बघायला. पाणी थरथरलं का, एवढंच. एकदा वेल्डिंगवाला कैलास उन्हातून आला आन तो गिलास घटाघटा पिऊन टाकला. मिस्त्री तीन दिवस त्याच्याशी बोलले नाय. चौथ्या दिवशी म्हणले, "अरे, ते पाणी ड्युटीवर व्हतं."

आमचं पत्रं दाबायचं वर्कशॉप वाळूजला हाय. मी राहते बजाजनगरात. वर्कशॉपात झाडलोट करते आन दोन टाईम चहा. देवगाव रंगारीहून आले ती एकटीच. विहीर खांदताना दरड पडली, आमचे मालक खाली व्हते. मी वर काठावर, भाकरी घेऊन. हाक मारायलाबी टाईम भेटला नाय. लई वर्सं झाली त्याला. पोट काय थांबत नसतंय, म्हणून इकडं आले.

मिस्त्री मशिनी दुरुस्त करायचे. माणूस लातूरकडचा. तिकडं भूकंप झाला तवा त्यांचं गाव बसलं, एवढंच आमाला ठाऊक. त्यांच्या डोक्यात एकच किडा, कामाच्या जागी भूकंपाची आधी खबर देणारं यंत्र पाहिजे.

"भूकंप कसा येतो ते मला विचारा," म्हणायचे. कोणी विचारायचं नाय. मंग आपणच सांगायचे. "वरातीसारखा. आधी वाजंत्री येते, हलकी. मागून वरात, ती पाडते. मला वाजंत्री ऐकून सांगायचंय. मधी बारा सेकंद भेटतील, नशिबात असले तर."

पहिलं यंत्र त्यांनी भिंतीला लावलं. प्रेस धाडकन खाली आली की ते बोंबलायचं. एका दिवसात चाळीस भूकंप झाले. कैलास म्हणला, "मिस्त्री, आज लई भूकंप झाले, ओव्हरटाईम भेटंल का?"

मंग मिस्त्रींनी लांब, कंपाउंडच्या भिंतीकडंला कंबरभर खड्डा खांदला. यंत्र त्यात पुरलं, वायर आत आणली, आत भोंगा. कैलासला खड्ड्यापाशी घण मारायला सांगितला आन स्वतः घड्याळ धरून दाराच्या आत उभे राहिले. भोंगा वाजला. सगळी माणसं उठली आन पळाली, पण आतल्या अंगाला, डब्यांच्या फळीकडं. आमच्या वाळूजला भोंगा म्हंजे जेवणाची सुट्टी.

"मेले सगळे," मिस्त्री शांतपणानं म्हणले. "डबे घेऊन मेले."

वर्कशॉपचे शेठ वैतागले. "मिस्त्री, शनिवारपर्यंत बघतो. बारा सेकंदात तेवीसच्या तेवीस माणसं बाहेर दिसली तर यंत्र राहील. सगळी म्हंजे सगळी. नायतर उपटून टाका, खामखा काम बंद पडतंय."

मिस्त्रींचं जेवण तुटलं. डबा उघडायचे, बघायचे, झाकायचे. बुधवारी दुपारी मी रोजच्यासारखी किटली घेऊन दाराबाहेरच्या लिंबाखाली गेले आन हाक दिली, "चहा आलाऽ, या रे." माणसं हात पुसत बाहेर. मिस्त्रींनी घड्याळ बघितलं.

"नऊ," म्हणले. "मावशी, परत म्हणा."

माझा आवाज त्यांनी मोबाईलात भरला आन भोंग्याच्या जागी यंत्रात बसवला. शेठनं कपाळाला हात लावला.

"मिस्त्री, खरा चहा कोणता आन भूकंपाचा कोणता, वळखायचं कसं?"

"वळखायचं कशाला? दोन्हीला बाहेरच यायचंय."

"आन बाहेर आल्यावर चहा नसला तर?"

"मंग समजायचं भूकंप हाय."

शनिवारी शेठ घड्याळ घेऊन लिंबाखाली उभे राहिले. कैलासनं घण मारला. आतून माझाच आवाज आला, आन मीबी उठले. लई इचित्र वाटतं आपणच आपल्याला बोलवलेलं. शेठनं माणसं मोजली. परत मोजली.

"बावीस. एक कमी हाय."

मिस्त्री आतच व्हते. दाराच्या आत चार पावलांवर उभे, तोंड मशिनींकडं. दर बारीला ते तसंच उभे राहायचे. आमाला वाटायचं टाईम लावत असतील.

"यंत्र तुमचं आन तुम्हीच आत?" शेठ वरडले. "आणखी एक डाव देतो, मंग बास."

सगळे परत आपापल्या जागी गेले. मी मिस्त्रींपाशी गेले. विचारलं, "का हो?"

ते पान्याला लागलेलं ग्रीस पुसत बसले. मंग म्हणले, "मी पळालो व्हतो, मावशी. रस्त्यावर आलो. बायको आतच थांबली. तिला वाटलं, मी मागच्या खोलीत हाये."

बायकोचं ते पहिल्यांदाच बोलले. असल्या गोष्टीला मलम नसतंय, ते मला ठाऊक हाय.

"या बारीला मागं मी बघते," मी म्हणले. "माझे गुडघे असले, मी तशीबी शेवटीच असते. तुमी पुढं व्हा."

"मला दिसलं पाहिजे."

"मंग बघत बघत व्हा."

घण बसला. हाक झाली. माणसं निघाली. आत कोणी उरलं नाय ते मी बघितलं आन वळले. मिस्त्री माझ्या पुढं चालले, पण उलटे. तोंड आत, पाठ बाहेर, एक हात मागं दाराची चौकट चाचपत, नजर माझ्यावर. मी एक पाय टाकायचा, त्यांनी एक पाय मागं घ्यायचा. उंबऱ्याला अडखळले तर बाहेरून कैलासनं पाठीला हात लावला. पोरं हसायला लागली व्हती, कैलासनं त्यांच्याकडं बघितलं तशी गप झाली.

"अकरा," शेठ म्हणले. "तेवीस. पण मिस्त्री, ही काय चालायची रीत?"

माझे दोनी पाय उंबऱ्याच्या बाहेर आले व्हते. मिस्त्रींनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. मशिनी व्हत्या, पत्र्यातून आलेलं ऊन व्हतं.

"आता आत कोणी नाय," ते म्हणले, आन तिथंच मातीत बसले.