संगणक वाढवला

सोमवारी संध्याकाळी साडेपाच वाजता नगर जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत संगणक बंद करण्यात आला.

बंद करणाऱ्या रोहिणीने, म्हणजे तिथल्या संगणकचालक बाईने, काहीही चुकवले नव्हते. यंत्र जुने, त्यातली हार्ड डिस्क त्याहून थकलेली. गावाचे सगळे जन्ममृत्यू तिच्यातच. दुसरी प्रत काढायला मंजुरी नव्हती. मधेच वीज तुटली तर डिस्क जाईल, असे दुरुस्तीवाल्याने बजावले होते. म्हणून रोहिणी आधी उघड्या फायली मिटी, 'शट डाउन' देई आणि डिस्कची घरघर थांबली की मगच भिंतीवरचे बटण दाबी. रिवाजाप्रमाणे तिने तालुक्याच्या ग्रुपवर कळवले : 'संगणक बंद केला.'

सकाळी विचारणा आली. संगणक बंद आहे, तर चालकाचे मानधन चालू कसे?

सरपंच बिभीषणआबांनी कपाळाला हात लावला. "अगं, बंद म्हनत्यात व्हय कुठं? दुकान वाढवत्यात, नारळ वाढवत्यात, फुटली तर बांगडीसुदिक वाढवत्यात. वाढवला म्हन."

तेव्हापासून रोज 'संगणक वाढवला' असे जाऊ लागले. तालुक्याला विस्तार अधिकारी होते. विस्तार त्यांच्या नजरेतून सुटला नाही. रोज एक संगणक वाढवणारे गाव म्हणून अभिनंदन आले, मागोमाग सन्मानचिन्ह आले, रविवारी वाढ का झाली नाही याचा खुलासा मागवण्यात आला, आणि अखेर वाढलेले संगणक पाहायला साहेब स्वतः आले.

खोलीत एकच होता.

"बाकीचे कुठे आहेत?"

नातवाच्या जन्मदाखल्यासाठी ताटकळलेल्या छबूबाई म्हणाल्या, "ऊसतोडीला गेल्यात, सायेब. हंगाम सरून कारखान्याचा पट्टा पडला की येतील."

साहेब हसले नाहीत. ही वाढ त्यांनी वर कळवली होती आणि वरून ती आणखी वर गेली होती. त्यांनी फर्मावले : योग्य शब्द ठरेपर्यंत संगणक बंदही करायचा नाही आणि वाढवायचाही नाही. हात लावला तर चालकाचे मानधन गेले.

तेवढ्यात वीज गेली. यूपीएस शिट्टी वाजवू लागला.

"साहेब, बॅटरी जुनी आहे," रोहिणी म्हणाली. "आत्ता शट डाउन दिला नाही तर डिस्क जाईल."

"दिल्यावर कळवायचं काय, ते सांगा."

आबांना 'मालवला' बरा वाटला, शिपायाला 'विसावला'. साहेबांनी जिल्ह्याला फोन लावला. तिकडे 'स्थगित' की 'तहकूब' यावर एकमत होईना. दारात गर्दी जमली. प्रत्येकाकडे एकेक शब्द होता. छबूबाई तेवढ्या रोहिणीला विचारत होत्या, "माझा नातू हाय का गं त्यात अजून?"

रोहिणीने माउसकडे हात नेला. माउसवर साहेबांनी आपली फाईल ठेवली होती.

एव्हाना वाचकांनाही एखादा चांगला शब्द सुचला असेल. यूपीएसची शिट्टी अजून चालू आहे.