सुट्या पैशांची घंटा

"तोलात मारणारा वाणी तो कसला वाणी!" असं भाऊसो शेटे दुकानात बसून छाती फुगवून सांगत. "माझ्या तराजूला कुणी बोट लावून दाखवावं! बोट!"

आणि ते अगदी खरं होतं. तराजूत खोट करायची भाऊसोंना गरजच नव्हती. लढाईची वर्षं होती. बाजारातून सुटे पैसे असे गडप झाले होते, की एखाद्याच्या हातात तांब्याचा पैसा दिसला तर लोक वळून बघत. इस्लामपूरपासून तीन कोसांवरच्या त्या गावात किराण्याचं दुकान एकच. मग काय! गिऱ्हाइकानं पावणेतीन आण्यांचा माल घेऊन तीन आणे पुढं केले, की भाऊसो गल्ल्यावर हात ठेवत आणि तोंड पाडून म्हणत, "सुटं न्हाई गड्या! लढाई हाय!"

जणू जर्मन लोक इस्लामपूरच्या वाटेवर बसून सुटे पैसेच तेवढे लुटत होते!

बरं, गिऱ्हाइकाकडंच एक पैसा कमी पडला तर? तर मात्र लढाईचा काही संबंध नसे. "उद्या आठवणीनं आणून द्या," एवढंच.

असा राहिलेला पैसा गल्ल्यात ठेवायची भाऊसोंची पद्धत नव्हती. मागच्या खोलीत मिरच्यांच्या पोत्याआड एक रॉकेलचा रिकामा डबा होता, त्यात तो जाई. कारण भाऊसोंना एक ग्रामोफोन घ्यायचा होता! सांगलीच्या एका दुकानात त्यांनी तो वाजताना ऐकला होता, आणि तेव्हापासून त्यांचा जीव त्या पितळी कर्ण्यात अडकून पडला होता. दुपारी दुकानाची एक फळी लावून घ्यायची, घोंगडीवर अंग टाकायचं आणि गाणं ऐकत डुलकी काढायची, एवढंच त्यांचं स्वप्न होतं.

"गाणं कशाला पायजे?" त्यांची बायको शालूबाई म्हणे. "मी दिवसभर बोलती ती काय कमी हाय?"

"म्हणून तर पायजे," भाऊसो पुटपुटत.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण एका सकाळी अंबूबाई जिरं घ्यायला आली. अंबूबाई म्हणजे गावाची आत्या. दात चार उरले होते, पण चारही कामाचे.

"माझा पैसा दे रं, भाऊसो."

"सुटं न्हाई, आत्ती. लढाई हाय."

"काल बी न्हाई, परवा बी न्हाई. आरं, मग माझं पैसं जात्यात तरी कुठं?"

दुकानात सात-आठ माणसं होती. सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. हा प्रश्न त्यांच्याही पोटात बरेच दिवस होताच की! भाऊसोंच्या कपाळावर घाम फुटला. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. समोरच मारुतीचं देऊळ. मंडपात घंटेची नुसती साखळी लोंबत होती. घंटा फुटून तीन वर्षं झाली होती.

"मारुतीला!" भाऊसो बोलून गेले. "मारुतीला घंटा करायची म्हणतोय, आत्ती. समद्यांचा पैसा येगळा टाकतोय त्यासाठी."

अंबूबाईनं दोन्ही हात भाऊसोंच्या डोक्यावरून फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"आगं बया! आन आमी ह्याला चोर म्हणत हुतो की रं!"

भाऊसो सुटले! आणि सुटले एवढंच नाही, तर त्यांचं नशीबच उघडलं. दुसऱ्या दिवसापासून लोक परत पैसा मागेनातच. "ऱ्हाऊ द्या, शेटजी, घंटंला!" असं तेच म्हणू लागले. कुणी एकाच्या जागी दोन पैसे ठेवी. जतकडून दरसाल मेंढरं घेऊन उसाच्या रानात बसवायला येणारा गुंडा धनगर तर एका दमात दोन आण्यांची चवली टाकून गेला. वर म्हणाला, "आमच्या भागात पाणी न्हाई, निदान इथल्या द्येवाला घंटा तरी असू द्या!" भाऊसोंनी ती चवली डोळ्यांना लावली आणि डब्यात टाकली. डबा जड होत चालला. एका बाजाराला ते सांगलीला गेले आणि वीस रुपये विसार देऊन ग्रामोफोन ठरवूनसुद्धा आले.

महिन्याभरानं मात्र लोक विचारू लागले. "शेटजी, घंटा कवा?"

"आरं, पितळ कुठं मिळतंय?" भाऊसो सुस्कारा टाकत. "समदं तोफांला चाललंय. लढाई हाय!"

लढाईसारखी गुणी गोष्ट भाऊसोंनी जन्मात पाहिली नव्हती. काहीही विचारा, उत्तर तयार!

पण लढाईवर गावची माणसंही गेलेली होती, आणि त्यांना कधीमधी रजाही मिळे. हवालदार लालासाहेब रजेवर आला. मिशा तलवारीसारख्या, बोलणं हुकूम सोडल्यासारखं. देवळाच्या पारावर लोकांनी त्याला सांगितलं, की घंटेचे पैसे जमलेत पण पितळ मिळत नाही. हवालदाराला तो पल्टनीचा अपमान वाटला.

"पितळ मिळत न्हाई? कोण म्हणतंय? साताऱ्यात माझ्या वळखीचा तांबट हाय. ऑर्डर म्हंजी ऑर्डर! चार दिसांत घंटा आणतो!"

"आणा की!" भाऊसो हसून म्हणाले. मिळणार नाही याची त्यांना इतकी खात्री होती, की वाटखर्चाला म्हणून त्यांनी हवालदाराला शेंगदाणे आणि गूळ बांधून दिला. फुकट!

चौथ्या दिवशी वेशीतून बैलगाडी आली. गाडीत गवताच्या गादीवर घंटा होती. घंटा कसली, पाण्याची घागरच पालथी घातलेली! कुठल्या तरी देवळासाठी ओतलेली आणि मग कुणी न नेल्यामुळं पडून राहिलेली. वजन पक्का एक मण. सगळा गाव गाडीमागं गोळा झाला. हवालदारानं गाडीतून उडी मारली, भाऊसोंच्या पुढ्यात येऊन टाच आपटली आणि हात पुढं केला.

"नव्वद रुपयं! मी पदरचं भरल्यात. काढा!"

भाऊसो दोन पावलं मागं सरले. "एवढं... एवढं कुठलं जमल्यात, हवालदार? पैसा पैसा तर असतोय."

"हिशेब करू की! रोज शंभर गिऱ्हाईक धरा. शंभर पैसं म्हंजी दीड रुपयाच्या वर. असं दोन महिनं. झालं का न्हाई नव्वद?"

खरं सांगायचं, तर हा हिशेब ऐकून भाऊसोंनाच धक्का बसला. आपण इतके कर्तबगार आहोत हे त्यांनाही ठाऊक नव्हतं!

"आन मी वर टाकल्याली चवली?" गुंडा मागून ओरडला.

"आन माझं समदं पैसं?" अंबूबाई.

आता काय करता! भाऊसो आत गेले. मिरच्यांचं पोतं सरकवलं, दोनदा शिंकले आणि डबा ओढत बाहेर आणला. त्यांच्यानं एकट्याच्यानं उचलेना, म्हणून दोघांनी हात लावून तो घोंगडीवर उपडा केला. खळ्ळ्! तांब्याच्या पैशांचा ढीग पडला ढीग! जोंधळ्याची रास पडावी तसा. तीन महिन्यांत कुणी चार पैसे एका ठिकाणी बघितले नव्हते, आणि इथं अख्ख्या तालुक्याची मोड सांडली होती!

"आरं माझ्या द्येवा!" अंबूबाई किंचाळली. "आन म्हणं सुटं न्हाई!"

सगळे डोळे भाऊसोंवर. हवालदाराच्या मिशा वर चढल्या. दुकान, नाव, बापजाद्यांची अब्रू, सगळं त्या ढिगावर येऊन बसलं. आणि त्या क्षणी भाऊसोंना जे सुचलं, ते मारुतीनंच सुचवलं असं शालूबाई पुढं कितीतरी दिवस सांगत होती.

"आवं आत्ती," भाऊसो हात जोडून म्हणाले, "ते द्येवाचं हुतं! द्येवाचं सुटं मी धंद्यात कसं वापरू?"

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. हवालदारानं त्यांना कडक सलाम ठोकला. पैसे मोजता मोजता संध्याकाळ झाली. तेवीस रुपये कमी भरले, ते भाऊसोंनी मुकाट्यानं गल्ल्यातून घातले. सांगलीच्या दुकानदारानं विसार परत द्यायला साफ नकार दिला, तेही त्यांनी गिळलं. कारण शनिवारी घंटा चढली तेव्हा पहिला नारळ त्यांच्या हातून फुटला, डोक्याला फेटा बांधला गेला, आणि अंबूबाईनं चार दातांनिशी हसून त्यांना ओवाळलं. भाऊसोंना मनापासून बरं वाटलं. इतकं बरं, की आपण पहिल्यापासून घंटेसाठीच पैसे साठवत होतो असं त्यांचं त्यांनाच वाटू लागलं!

रविवारी दुपारी ते जेवून घोंगडीवर आडवे झाले. डोळा लागतोय न लागतोय तोच घण्ण!

ते ताडकन उठून बसले. देवळात कुणी शेतकरी उभा होता. दर्शन नाही, प्रदक्षिणा नाही, नुसता घंटा वाजवत होता.

"आरं, किती वाजवशील?"

"माझं पैसं हाइत त्येच्यात!" तो म्हणाला, आणि आणखी दोन टोल दिले.

आणि पैसे कुणाचे नव्हते? जो तो आपला पैसा वसूल करायला येऊ लागला. रानात जाताना दोन टोल, येताना दोन टोल. दुकानात यायच्या आधी, दुकानातून गेल्यावर. हळद मागितली की भाऊसो हिंग देत, कारण ऐकूच येत नव्हतं! शालूबाईनं कानात कापूस घातला. त्यामुळं तिला घंटाही ऐकू येईना आणि नवराही. ती मजेत होती.

आठ दिवस भाऊसोंना दुपारची डुलकी नाही. डोळे लाल, डोकं जड. नवव्या दिवशी भर दुपारी गुंडा मेंढरं सोडून आला आणि दोन्ही हातांनी घंटा बडवू लागला. भाऊसोंचा संयम सुटला. गल्ल्यातून एक चवली उचलून ते तसेच अनवाणी, तापल्या फुफाट्यातून उड्या मारत देवळात पोचले.

"ही घे तुझी चवली! मोजून घे! पर तेवढी घंटा सोड, बाबा!"

गुंडानं चवलीकडं बघितलं. मग घंटेकडं बघितलं. मग भाऊसोंची मूठ प्रेमानं मिटवून चवली त्यांच्याच हातात ठेवली.

"ऱ्हाऊ द्या, शेटजी. म्या तेच सांगाय येणार हुतो. आतला लोलक लय बारका हाय. माळावर मेंढरांत बसलं की आवाज येत न्हाई. मोठा लोलक करायला ठेवा ही!"

"माझा बी पैसा घे रं त्येला!" पारावरून अंबूबाई ओरडली.