वाढत्या अंगाचं रीळ

दिनकरराव सरनोबतांच्या घरची आठ मिलिमीटरची फिल्म दर हिवाळ्यात तीन फूट वाढायची, आणि आता तिला जुनं रीळ पुरेनासं झालं होतं. म्हणून त्यांनी नाशिकला मुलीला फोन केला आणि थंडी पडायच्या आत एकदा कोल्हापूरला येऊन जा, असं सांगितलं.

मृणाल बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती. सहसा तिला रजा मिळत नसे, पण रिळाचं म्हटल्यावर वरिष्ठांनी काही विचारलं नाही. त्यांच्या सासुरवाडीलाही एक फिल्म होती.

सरनोबतांची फिल्म मूळची पन्नास फुटी. दिनकरराव तेव्हा साखर कारखान्यात केमिस्ट होते आणि नव्या कॅमेऱ्याचं त्यांना भारी कौतुक होतं. क्वार्टरसमोर त्यांची बायको प्रमिला पापड वाळत घालतेय आणि चार वर्षांची मृणाल तीनचाकी सायकलवरून पापडांभोवती चकरा मारतेय, एवढंच त्यांनी टिपलं होतं. मृणाल नऊ वर्षांची असताना प्रमिलाबाई काविळीनं गेल्या. फिल्ममध्ये त्या गेल्या नाहीत. तिथं त्या हिवाळ्यात प्रमिलाबाई मृणालची वेणी घालत होत्या आणि पुढच्या हिवाळ्यात तिला कशावरून तरी रागावत होत्या. तीन फूट म्हणजे पडद्यावर जेमतेम पंधरा सेकंद. वर्षाला तेवढंच.

दिनकरराव दर वर्षी ते पंधरा सेकंद न चुकता बघायचे. मृणालनं मात्र कॉलेजात असताना बघणं सोडलं होतं. फिल्ममधल्या मृणालच्या साडीच्या निऱ्या आई खाली बसून सारख्या करत होती, तेव्हा ही खोलीतून उठून गेली.

"तिला आई आहे, मला नाही. मी कशाला बघू?" ती म्हणाली होती.

बापलेक दुकानात गेले तेव्हा बशीरभाई मुल्लाणी काउंटर पुसत होते. छोट्या फिल्मचं सामान आता गावात त्यांच्याकडेच मिळायचं. त्यांनी फिल्मचा पत्र्याचा डबा उघडला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

"आंबूस वास मारतोय. आतल्या बाई पदरानं वारा घेताना दिसतात का?"

"दिसतात की," दिनकरराव म्हणाले. "भर थंडीत."

"डबा घट्ट आहे ओ. जीव घुसमटतोय त्यांचा. भोकांचा प्लास्टिकचा डबा घ्या, हवा खेळती राहील. आणि उभा ठेवा, आडवा नको. आडवा ठेवला की सगळी माणसं एका कुशीवर झोपून राहतात." मग त्यांनी रीळ उजेडात धरलं. "दोनशे फुटी आहे, काठोकाठ भरलंय. थंडीला वाढली की सांडणार."

"म्हणून तर आलो," दिनकरराव म्हणाले.

मृणालनं विचारलं, "आणि मोठं रीळ घेतलंच नाही तर?"

"असंच भरलेलं ठेवून डबा बंद केला, की मग थांबते फिल्म."

"म्हणजे आतल्या माणसांचं काय होतं?"

"शेवटी जे करत असतील तेवढ्यावर राहतात. वाईट नसतंय, ताई. एकांनी त्यांचे आजोबा जेवण झाल्यावर थांबवले. हात धुऊन, सुपारी तोंडात टाकून बसलेत. बेतानं थांबवायचं, एवढंच."

मृणाल वडिलांकडे वळली. "आप्पा, मग थांबवू या. तुमच्यामागं ही माझ्याकडंच येणार. मला नाही झेपणार दर वर्षी तिला मोठी होताना बघणं."

"कुणाला? आईला?"

"आईला नाही. त्या दुसरीला."

बशीरभाईंनी कपाटातून हातानं फिरवायचं यंत्र काढलं. त्याला पोस्टकार्डाएवढा काचेचा पडदा होता.

"थांबवायची तर शेवट बघायला लागंल," ते म्हणाले. "न बघता मी कुणाची थांबवत नाही. उगाच कुणी एक पाय उचललेला असायचा."

त्यांनी फिल्मचं टोक अडकवलं आणि दिवा लावला. मृणाल कोरड्या चेहऱ्यानं वाकली. काचेवर क्वार्टरचा व्हरांडा होता. आई खुर्चीत बसली होती. सगळे केस पांढरे, चष्मा नाकावर घसरलेला. मांडीवर ताट होतं आणि समोर स्टुलावर दुसरं ताट झाकून ठेवलं होतं. ती पदरानं वारा घेत रस्त्याकडे बघत होती. बशीरभाईंचा हात फिरत राहिला, पण चित्रात फारसं काही बदललं नाही.

"मी कुठाय?" मृणालनं विचारलं.

"दोन हिवाळे झाले, दिसत नाहीस," दिनकरराव म्हणाले. "त्याच्या आधी बॅग भरत होतीस."

"मागं घ्या," मृणाल बशीरभाईंना म्हणाली.

त्यांनी फिल्म मागं घेतली. पन्नाशीची एक बाई, हुबेहूब मृणालच्याच चेहऱ्याची, बॅगेची चेन ओढत होती. चेन लागत नव्हती, कारण आई मध्येच तिच्यात एक डबा कोंबत होती. दोघी काहीतरी बोलल्या. मग फाटक उघडलं, बंद झालं, आणि व्हरांड्यात आई एकटी उरली.

मृणालनं कंबर सरळ केली. तिचा आवाज चढला. "अशी कशी सोडून गेली ही? या वयात? एकटीला?"

बशीरभाईंनी फडकं घेऊन पुसलेलाच काउंटर पुसायला घेतला. दिनकरराव पायातल्या चपलांकडे बघत होते.

"बदली झाली असेल," ते म्हणाले. "मोठ्या हुद्द्यावर असेल ती. हाताखाली माणसं असतील. मनात आलं आणि निघालं, असं होत नाही."

"फोन तरी करत असेल का?"

"करत असेल की. फिल्म मुकी आहे, आपल्याला कुठून ऐकू येणार?"

मृणालनं वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं आणि तिथं त्यांनी टाचणी लावली होती. ती सकाळपासून त्यांच्याबरोबर होती, पण हे तिला आत्ता दिसलं. मग ती पुन्हा वाकली आणि झाकलेल्या ताटावर चित्र येईपर्यंत तिनं स्वतःच यंत्र फिरवलं. हे असंच राहिलं तर, असं काहीसं तिच्या मनात आलं आणि तिनं पटकन दिवा बंद केला.

"चारशे फुटी द्या," ती म्हणाली.

"तीनशे पुष्कळ होईल, ताई. बाईंचं वय बघता…"

"सत्त्याहत्तर. माहीत आहे मला. तरी वाढत्या अंगाचं द्या."

बशीरभाईंनी हुज्जत घातली नाही. त्यांनी दोन रिळं पुढे ठेवली. लोखंडाचं दिसायला देखणं होतं, पण कडा वाकली की फिल्म खरवडते, असं ते म्हणाले. शिवाय कोल्हापूरच्या पावसाळ्यात गंजलं, की आतल्यांच्या कपड्यांवर डाग पडतात ते जात नाहीत. मृणालनं प्लास्टिकचं घेतलं. डब्यांत करडा आणि निळा असे दोन रंग होते. तिनं वडिलांना विचारलं. दिनकररावांनी बराच विचार करून निळा निवडला. बशीरभाईंनी फिल्म हलक्या हातानं नव्या रिळावर गुंडाळून दिली.

थंडी पडली तेव्हा मृणाल न बोलावता आली. दिनकररावांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून ठेवलं आणि प्रोजेक्टर लावला. तिला वाटत होतं, फाटक उघडेल आणि आपण बॅग घेऊन आत येताना दिसू.

नवे पंधरा सेकंद आले. आई पायरीवर बसून पावटा सोलत होती. शेजारी हिरव्या साडीतली एक जाडजूड बाई होती, तीही सोलत होती. ती बाई आईच्या कानाशी लागून काहीतरी म्हणाली आणि आई इतकी हसली, की मांडीवरचं सूप कलंडलं. शेंगा पायऱ्यांवर सांडल्या. दोघी वाकून गोळा करू लागल्या, आणि तेवढ्यात फिल्म संपली.

"ही कोण?" मृणालनं विचारलं.

"माझ्या ओळखीची नाही. कारखान्यात अशी कुणी नव्हती."

"काय म्हणाली असेल?"

"काय माहीत. चावटच असणार काहीतरी. तुझी आई त्यालाच असं हसायची."

मृणालला हे ठाऊक नव्हतं. तिनं खुर्ची वडिलांच्या खुर्चीजवळ ओढून घेतली.

"मागं घ्या, आप्पा," ती म्हणाली. "ती कानाशी लागते ना, तिथपासून."