गोळीची बाजू

माझ्या शुगरच्या गोळीने मंगळवारी सकाळी पोटात जायला नकार दिला. ती वाटीत उभी राहिली आणि म्हणाली, "आधी माझी बाजू ऐकून घ्या."

मी सोलापुरात उभी हयात बातमीदारी केली आहे. माझ्या प्रश्नांनी भल्याभल्या पुढाऱ्यांना घाम फुटलेला आहे. नाश्त्याआधीच्या एका गोळीने मला अडवावं, हे मी खपवून घेणार नव्हतो.

"कसली बाजू?" मी विचारलं.

"परवा तुम्ही डॉक्टर मोहोळकरांना सांगितलंत की पथ्य तुम्ही कडक पाळता, गोळीच कुचकामी आहे. ते आता मला बंद करून इंजेक्शन सुरू करायचं म्हणताहेत. असं बोलण्याआधी मला काही विचारलं होतंत?"

"गरज नव्हती. साखर वाढलीय, रिपोर्टचा पुरावा आहे."

"तो साखरेविरुद्ध आहे. माझ्याविरुद्ध काय आहे?"

माझी पत्नी कुमुदिनी ओट्यापाशी पोहे परतत होती. "अहो, ती नीट विचारतेय," ती म्हणाली, "तुम्हीही नीट सांगा."

"पौर्णिमेला वरच्या मजल्यावर, रेणावीकरांकडे सत्यनारायण होता," गोळी म्हणाली. "तिथे काय खाल्लंत?"

"काही नाही. प्रसाद घेतला. प्रसादाला कुणी नाही म्हणत नाही आणि पथ्यात तो धरतही नाहीत. कुणालाही विचारा!"

"चमचाभर मीही धरला नसता. द्रोणाचं काय?"

"कोण म्हणतं द्रोण?"

"आमची सूत्रं."

मी उसळलो. "निनावी सूत्रं चालणार नाहीत. नाव सांगा!"

"त्या रात्रीची गोळी. ती घटनास्थळी हजर होती. बराच वेळ शिऱ्याखाली अडकून पडली होती."

"म्हणजे एकच सूत्र. एका सूत्रावर आम्ही बातमी दिली नसती."

"दुसरं ओट्यापाशी उभं आहे. द्रोण त्यांच्यासाठी बांधून दिला होता."

कालथा थांबला. "मला तर म्हणालात, प्रसाद संपला."

"जिन्यात दिवा नव्हता," मी म्हणालो. "सांडला असता."

कुमुदिनीने गॅस बंद केला आणि पोह्यांवर झाकण ठेवलं. "गोळी पोटात गेल्याशिवाय नाश्ता नाही. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"डॉक्टरांकडे दुरुस्ती द्या, मी लगेच जाते," गोळी म्हणाली.

"माझ्या बातमीवर आजवर दुरुस्ती आलेली नाही!"

"मग मी आहे वाटीत."

पोह्यांचा वास झाकणाखालून येत होता. थोड्या वेळाने मी डॉक्टरांना फोन लावला आणि हळूच म्हणालो, "तसं बघितलं तर गोळी काम करते."

"ही आतल्या पानावरची बारीक अक्षरं झाली," वाटीतून आवाज आला. "आरोप मोठ्याने केला होतात."

मी घसा साफ केला. "गोळी काम करते! पथ्य मी मोडलं! शिरा होता, द्रोणभर होता!"

वर रेणावीकरांची खिडकी उघडली.

"असं होय," डॉक्टर म्हणाले. "गोळीचं काय म्हणणं आहे? द्या तिच्याकडे."

मी फोन वाटीजवळ धरला. दोघांचं बराच वेळ चाललं होतं. मला हात बदलावा लागला.

"ती कामावर राहायला तयार आहे," शेवटी डॉक्टर मला म्हणाले. "सध्या तिलाच चालू ठेवू. पुढच्या तपासणीत साखर बघू आणि मग इंजेक्शनचं ठरवू. पण आता तिच्या कामात ढवळाढवळ नको."

गोळी वाटीत आडवी झाली आणि पाण्याच्या एका घोटाबरोबर निमूट गेली.

संध्याकाळी कुमुदिनीने केळं घालून शिरा केला, स्वतःपुरता द्रोणभर, आणि माझ्यासमोर बसून खायला लागली. मी जरा पुढे वाकलो.

फडताळावरच्या स्ट्रिपमधून सगळ्या गोळ्या एकदम खाकरल्या.

"नुसता वास घेतोय," मी म्हणालो.

"तसंच छापू?" आतून आवाज आला.