कोठारावरचा लाल आकडा

आमच्या घरात आधी ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, आला आणि मग तो ओढायला पिकअप ट्रक शोधायची वेळ आली. शहाणी माणसं हे उलट्या क्रमाने करतात म्हणे. पण त्या ट्रेलरच्या मागच्या खोलीत पलंगाला लागून एक भलीमोठी खिडकी होती. ती बघितली आणि मी वर्लिनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला म्हटलं, "आईंचा पलंग इथे." तिथेच सगळं ठरलं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, ऑर्फा. वय नव्वदीला टेकलेलं. सगळा जन्म आमच्या नेब्रास्काच्या सपाट जमिनीवर गेला, जिथे गावातली सर्वांत उंच वस्तू म्हणजे धान्याचं कोठार. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, की नजर जाते आहे, हिवाळ्यानंतर किती उरेल सांगता येत नाही. आईंनी ऐकून घेतलं, पर्स मिटली आणि म्हणाल्या, "मग मला एकदा डोंगर दाखवा. बर्फ असलेले."

डोंगर शेजारच्या कोलोरॅडोत, दिवसभराच्या अंतरावर. पण आईंना परक्या पलंगावर झोप येत नाही आणि बाथरूम हाताशी लागतं. म्हणून ट्रेलर. तो अंगणात उभा केला आणि मला स्वयंपाकघरात भरदुपारी दिवा लावावा लागला, एवढा तो मोठा.

आता ट्रक. आमच्या गावात माणूस एक वेळ चर्च बदलेल, ट्रकची कंपनी बदलणार नाही. वर्लिनच्या घरात आजोबांपासून एकाच कंपनीचे ट्रक. त्याचा मित्र डॉयल दुसऱ्या कंपनीचा. दोघं चाळीस वर्षं रोज सकाळी एकत्र कॉफी पितात आणि एकमेकांच्या ट्रकला नावं ठेवतात. (दोघांनाही दुसरा मित्र नाही.)

वर्लिनच्या कंपनीच्या दुकानात एक लोण्याच्या रंगाचा ट्रक होता. पायरी खाली होती, माझा पाय सहज पोहोचला. मी म्हटलं, "हा छान आहे." विक्रेता म्हणाला, "बाई, तुमच्या ट्रेलरहून जड ट्रेलर ओढेल हा." वर्लिन काहीतरी विचारणार होता, पण मी सीटवर हात फिरवून म्हटलं, "आईंना बसायला मऊ आहे." झालं. (मी शाळेच्या कँटीनमध्ये रांधते. इंजिनातलं मला इतकंच कळतं, की ते पुढे असतं.)

निघायच्या सकाळी ट्रेलर जोडला आणि ट्रकचं बूड खाली बसलं, नाक वर गेलं. बिस्किट मागणाऱ्या कुत्र्यासारखा तो दिसायला लागला. गावाच्या टोकापर्यंत जाऊन वर्लिनने वेग कमी केला.

"काय झालं?"

"स्टिअरिंग हलकं लागतंय. पुढची चाकं जमीन धरत नाहीत. काट्यावर घेतो."

काटा म्हणजे कोठाराचा वजनकाटा. वर्लिनने तिथे जन्मभर धान्याच्या गाड्या तोलल्या, त्यामुळे शंका आली की तो काट्याकडेच जातो. दिवस गव्हाच्या कापणीचे. शेतकऱ्यांच्या गाड्यांची रांग लागलेली. आणि आमच्या कोठाराचं वजन बाहेर, भिंतीवर, हातभर उंच लाल आकड्यांत उमटतं. कोणी कोणाला फसवू नये, म्हणून.

ट्रक काट्यावर गेला. वर्लिनने दाराच्या कडेला चिकटवलेली वजनमर्यादेची पट्टी वाचली आणि मला समजावून सांगितलं. ओढायची ताकद वेगळी, पाठीवर पेलायची वेगळी. ट्रेलर मागे असला तरी त्याचा दांडा ट्रकच्या पाठीवर दाबतो. त्या दाबातच वजनाची बरीचशी मुभा संपलेली. उरलेल्यात आम्ही तिघं आणि सामान.

"किती जास्त आहे?"

"बरंच. तू जरा उतर बघू."

मी उतरले. भिंतीवरचा आकडा बदलला. (कितीने, ते इथे लिहायची गरज नाही. आमच्या तालुक्याला माहीत आहे.) रांगेतल्या शेतकऱ्यांनी आकाशाकडे बघितलं, पाऊस येतो का ते. वर्लिन फार प्रेमाने बूट बघत राहिला.

मग मागून माझ्या बरण्या निघाल्या. पीचच्या, लोणच्याच्या, बीटाच्या.

"नेल्दा," रांगेतून डॉयलचा आवाज आला, "कोलोरॅडोत दुष्काळ पडलाय का?"

मग बिडाचे तवे निघाले. तरी आकडा मर्यादेत येईना. कोणीतरी हळूच म्हणालं, म्हातारीला घरी ठेवलं तर जमेल. खिडकीची काच खाली आली.

"मला सोडून कोणालाही उतरवा," आई म्हणाल्या. "वर्लिनलासुद्धा."

कोणी हसलं नाही. आईंच्या डोळ्यांचं सगळ्या गावाला माहीत होतं.

डॉयल रांगेतून चालत आला. त्याच्या मागे त्याचा ट्रक उभा होता, मागे चार चाकांचा, माझ्या खांद्याएवढ्या बॉनेटचा. मी त्याला रोज बघत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याच्यापुढे बोलू नये असं वाटलं, चर्चमध्ये शिरल्यावर वाटतं तसं.

"माझा घेऊन जा," डॉयल म्हणाला.

वर्लिनने टोपी काढली. आजोबांनी त्यांच्या ट्रकशेजारी उभं राहून काढलेला फोटो आमच्या बैठकीत आहे. त्याने टोपीच्या आत बघितलं, मग खिडकीतल्या आईकडे.

"चढायला पायरी आहे का त्याला?"

"आहे. आणि पुढचं कंपनीचं नाव झाकायला पोतं पण आहे."

"पोतं दे."

"आणि मी तोवर तुझी ही लोण्याची वडी चालवू? कापणीच्या दिवसांत, सगळ्यांदेखत?"

"तुझ्या जिवावर आलंय का?"

"आलंय," डॉयल म्हणाला आणि किल्ली दिली.

आईंना दोघांनी मिळून वर बसवलं. बरण्यासुद्धा परत चढल्या. डॉयलचा ट्रक तसूभर वाकला नाही.

दुपार कलताना पुढे क्षितिजावर निळसर ढग दिसले. आई म्हणाल्या, "ते हलत का नाहीत?" रस्ता वर वर जात राहिला, ते ढग दगडाचे झाले, त्यांच्यावर बर्फ आलं, आणि मान कितीही मागे टाकली तरी ते संपेनात. मला उगीचच माझा आवाज, माझे हात, माझ्या बरण्या फार लहान वाटल्या. चढावर ट्रक साधा कण्हलासुद्धा नाही. वर्लिनने मागे-पुढे बघितलं, कोणी ओळखीचं नाही याची खात्री केली आणि पुटपुटला, "चांगला ओढतो."

संध्याकाळी आई त्या मोठ्या खिडकीशी पलंगावर बसल्या. डोंगर पूर्ण लाल झाला होता. मी शेजारी बसले, त्यांचा हात हातात घेतला. माझे डोळे भरून आले होते.

"आई, नीट दिसतंय ना?"

"दिसतंय, पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "इतकं मोठं असलं की मला अजून स्पष्ट दिसतं. सकाळी तू काट्यावरून उतरलीस ना, तो आकडापण चष्म्याशिवाय दिसला."