धुरपदाबाईसाहेबांनी कांद्याची पात सर केली, त्याची हकिगत

श्री अन्नपूर्णा समर्थ, तापीमाय साक्ष. सुरत शहरी, नवागाम मुक्कामी जे वर्तमान जाहले ते जैसे घडले तैसे लिहितो. आम्ही तिखटमीठ लावीत नाही. ते बाईसाहेबांनी भरितात यथास्थित घातलेच होते.

तर राजमान्य राजेश्री भाईदास, लूमखात्यातले, म्हणजे यंत्रमागावरचे जुने कारागीर, यांचे कुटुंब अखंडसौभाग्यवती धुरपदाबाईसाहेब. मूळ मुलूख खानदेश. पोटापाण्यास्तव सुरतेस आले, आणि मुलूख सुटला तरी भरित सुटले नाही. दर हिवाळ्यात साऱ्या गल्लीचे भरित बाईसाहेबांच्या हातचे, ऐसा वहिवाटीचा मान. आणि त्यात कांद्याची हिरवी पात कच्चीच पडावी, शिजविल्यास त्याला भरित न म्हणता वांग्याची भाजी म्हणावे, ऐसा खानदेशचा कायदा. मग गतसाली जे घडले ते लिहिताना लेखणी संकोचते. गल्लीने पोटभर भरित खाल्ले, आणि दुसरे दिवशी तेच पोट धरून बसली. ज्यास संडास मिळाला तो आत, ज्यास न मिळाला तो दाराशी आर्जवे करीत उभा. मग डॉक्टरांनी निवाडा दिला की वांगी निर्दोष, ती विस्तवातून गेलेली. गनीम आला तो कच्च्या पातीच्या आडून. जंतांची अंडी हे त्याचे पायदळ आणि जिवाणू हे घोडदळ. निशाण नाही, नगारा नाही, नजरेस पडायचे तर नावच नाही.

यंदा थंडी पडताच शेजारच्या उज्ज्वलाबाईंनी गल्लीत जाहीर केले की भरित बंद, पर्वत पाटिया भागातल्या केटररकडून पुलाव येईल. ते ऐकून बाईसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकास गेली. गतसालच्या दुखण्याने जेवढी नामोष्की जाहली नव्हती, तेवढी त्या पुलावाने जाहली. भर गल्लीत उभे राहून त्यांनी कौल मागितला की एक वेळ संधी द्यावी. एकाचे जरी पोट बिघडले, तरी भरिताचा मान कायमचा सोडीन आणि तुमचा पुलाव मुकाट गिळीन. गल्लीने नाइलाजाने होकार दिला.

मग स्वयंपाकघरात मसलत बसली. कन्या चिरंजीव हर्षदाबाई लॅबचा कोर्स करीत होत्या, त्यांनी मातुश्रींस फर्माविले की गतसाली पात कशी धुतली ते करून दाखवावे. बाईसाहेबांनी घरातली जुडी बांधलेलीच धरली, बादलीत बुडविली, झटकली, आणि विजयी मुद्रेने ताटात ठेविली. हर्षदाबाईंनी जुडीचे रबर सोडले आणि पात परातीतल्या पाण्यात मोकळी केली मात्र, तळाशी गाळ बसला आणि त्या गाळातून एक अळी डोके वर काढून वळवळू लागली.

"मम्मी, आ जो! हे बघ!" हर्षदाबाई किंचाळल्या. "ही निदान दिसते तरी. जे दिसत नाही ते पोटात जातं."

एवढ्या लेकराबाळांना आपणच आपल्या हाताने हे वाढले, या विचाराने बाईसाहेबांस फार वाईट वाटले. पण शोक आवरून त्यांनी लगोलग कूच केले.

बाजारात पातीचे ठाणेदार निंबाभाऊ, भाईदासांच्या गावचे. त्यांच्या पायाशी एक बालदी असे. तीत ते मुळ्याचा चिखल धूत, हातही धूत, आणि तेच पाणी दिवसभर साऱ्या भाजीवर शिंपडून तिला टवटवी आणीत. गाववाल्यास दुखवावे तर सोयरीकसंबंधात बोभाटा, न दुखवावे तर गल्लीचा घात. बाईसाहेबांनी कोरडी पात निवडली, तोच निंबाभाऊंचा हात सवयीने बालदीत गेला. पाणी उडणार इतक्यात बाईसाहेबांनी पदर पसरून पात झाकली आणि सारा मारा स्वतःच्या अंगावर घेतला.

"वैनी, मन्हा पाणीमा जहर शे का?" निंबाभाऊ दुखावून बोलले.

"जहर नही भाऊ. पन आज कोरडीच दे," बाईसाहेब भिजल्या पदराने म्हणाल्या, आणि घरच्या भरिताचे आमंत्रण देऊन तह केला.

मग नळास पाणी येताच युद्ध जुंपले. जुड्या सोडल्या, मुळे उडविली, पान न् पान वाहत्या धारेखाली चोळले, मिठाच्या पाण्यात ठेविले, पुन्हा धारेखाली धरिले आणि धुतल्या कापडावर पसरले. इतक्यात घरातूनच दगा जाहला. भाईदासांनी मदतीच्या उत्साहात मुळे कापलेली तीच चिखलाची विळी पुढे ओढून पात चिरावयास घेतली. बाईसाहेबांनी विळी हिसकावून घेतली आणि राजेश्रींस आधी हात, मग विळी, मग पुन्हा हात धुण्याचा हुकूम केला. राजेश्रींनी तो बिनतक्रार पाळिला, कारण भूक लागली होती.

सायंकाळी पंगत बसली. भरित वाढले, वर हिरवीगार पात पडली, आणि कोणी हात लावीना. सारे उज्ज्वलाबाईंकडे पाहत आणि उज्ज्वलाबाई भाकरीकडे. तेव्हा बाईसाहेब खासा पंगतीच्या मध्ये बसल्या आणि पहिला घास स्वतः घेतला. मग निंबाभाऊंनी, मग भाईदासांनी, आणि मग वासापुढे कोणाचेच काही चालले नाही.

दुसरे दिवशी दिवस उगवताच बाईसाहेब उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या आणि एकेकाचे तोंड न्याहाळू लागल्या. जंतांचा निकाल मागाहून लागतो, ऐसे हर्षदाबाईंचे म्हणणे. पण गल्लीस तेवढी सबुरी कोठली! पाळीवाले डबे घेऊन लूमवर गेले. पोरे दप्तरे घेऊन शाळेत गेली. संडासाची दारे उघडीच होती. कोणी वाखाणले नाही, की काल माझे पोट दुखले नाही ऐसे सांगावयास कोणी आले नाही. सबब लिहून ठेवितो की नवागामी धुरपदाबाईसाहेबांची फत्ते जाहली, आणि फत्तेची निशाणी म्हणून दाखवावे ऐसे काहीएक घडले नाही.

फक्त उज्ज्वलाबाई तेवढ्या रिकामी वाटी पदराआड धरून आल्या आणि इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाल्या, "थोडं ऱ्हायनं का वं?"

बाईसाहेबांनी पातेले खरवडून वाटी भरली, आणि वरून पात घालण्याआधी हात धुतले.